पहिला कप मशीनचा

मी अठ्ठावीस वर्षं नेमकं काय काम केलं, हे आमच्या घरात अजून कुणाला नीट माहीत नाही. नवरा पाहुण्यांना सांगतो, "ही कॉम्प्युटरमध्ये होती." जाऊबाईंचा समज असा की मी डेअरीत होते. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून मी कधी भांडत बसले नाही. आता निवृत्त झाल्यावर या अंकाचे संपादक म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामाचे अनुभव लिहा. फक्त साध्या माणसाला कळेल असं लिहा." अहो, मलाच कित्येकदा कळायचं नाही, साध्या माणसाचं काय घेऊन बसलात! तरी लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट पोटात अडकून आहे. ती एकदा बाहेर पडू दे.

आमची कंपनी शाहूपुरीत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. आम्ही दूध तपासायचं मशीन बनवत होतो. गावोगावच्या दूध संस्थांत ते असतं. कपात दूध घ्यायचं, त्यात नळी बुडवायची, बटण दाबायचं. आतला छोटा पंप दूध ओढतो आणि थोड्या वेळात पडद्यावर दिसतं, फॅट किती आणि पाणी किती. डबा, नळ्या, पंप हे खातं दस्तगीरभाईंचं. डब्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम हे खातं माझं. भाई शांत माणूस. मी तापट. मालक माने सर म्हणायचे, तुम्हा दोघांना एका टेबलावर बसवलं म्हणून कंपनीचं तापमान बरोबर राहतं.

गंमत बघा, मी पक्की कोल्हापूरची. लहानपणी बाबा संध्याकाळी मला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचे. म्हैस समोर उभी, गवळी समोर धार काढणार, फेसाळ पेला थेट हातात. "डोळ्यांदेखत काढलेलं दूध, पोरी, याच्यावर शंका नाही," असं बाबा म्हणायचे. ओठांवर फेसाची मिशी घेऊन मी घरी यायचे. आणि पुढं नोकरी कसली केली, तर दुधावर शंका घेणाऱ्या मशीनची.

आता बिल्ड म्हणजे काय ते सांगते. घाबरू नका, एकाच परिच्छेदाचा त्रास आहे. प्रोग्रॅम आम्ही माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. मशीनला ती भाषा येत नाही. मग कंपायलर नावाचा दुभाष्या लागतो. तो एकेक फाइल घेऊन तिचा मशीनच्या भाषेत तर्जुमा करतो, शेवटी सगळ्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम तयार होतो, आणि ही सगळी उठाठेव म्हणजे बिल्ड. या दुभाष्याला आधी सांगून ठेवावं लागतं की तर्जुमा कसा हवा. शब्दाला शब्द, की फालतू वाटेल ते गाळून आटोपशीर? आमच्या चिपमध्ये जागा कमी, म्हणून जवळजवळ सगळ्या फाइलींना आटोपशीरचं सेटिंग असायचं. ऑफिसात आम्ही त्याला 'बचत' म्हणायचो. बचत चालू, बचत बंद. पण काही फाइलींना बचत सोसत नाही. तांबडा रस्सा मोठ्या आचेवर खळाखळा उकळला तरी चालतो, पांढरा तसा उकळला तर फुटतो. स्वयंपाक एकाच पंगतीचा असला तरी आच वेगळी ठेवावी लागते. तसंच एकाच बिल्डमध्ये बाकी सगळ्यांना बचत चालू आणि काही मोजक्या फाइलींना बंद, अशी एक यादी असते. ती यादी सांभाळणं हे माझं काम. आता हे जाऊबाईंना कसं सांगायचं, तुम्हीच सांगा.

तर त्या वर्षी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. भाई सकाळपासून पाने, पक्कडी, सोल्डरिंगची गन सगळं पुसून टेबलावर मांडत होते. माझं हत्यार काय, तर कीबोर्ड. तो पाच मिनिटांत पुसून झाला. मग म्हटलं, आपली ती यादी तरी साफ करू. वर्षानुवर्षं तिच्यात एकेक नाव चिकटत गेलं होतं. एकूण सात फाइली, सातही लाडावलेल्या. एकेक तपासत गेले. एक फाइल तर वापरातच नव्हती. बाकीच्यांची कारणं जुन्या चिपबरोबर संपली होती. सातवी पंपाची. बचत बंद. का? काही लिहिलेलं नाही. मी मोठ्यांदा म्हणाले, "कुठल्या शहाण्यानं हे घालून ठेवलंय?" आणि ती ओळही पुसून टाकली.

अगदीच बेजबाबदार नव्हते हो मी. नवा प्रोग्रॅम मशीनमध्ये घालून आठवडाभर तपासला. भाई रोज दुधाच्या पिशव्या आणायचे, दिवसभर कपामागून कप. आकडे चोख. यादी कशी लख्ख दिसत होती! नवा प्रोग्रॅम गावोगावी गेला. स्वतःवर इतकी खूश होते की त्या महिन्यात मी ऑफिसात कुणावर ओरडलेसुद्धा नाही म्हणतात.

दिवाळी झाल्यावर शिरोळच्या पुढच्या एका गावातून फोन आला. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी बाळूअण्णा. "मॅडम, तुमचं मशीन येडं झालंय का आमची हौसाक्का, ते बगायला या."

हौसाक्का म्हणजे साठीच्या घरातली बाई. दोन म्हशी, आवाज खणखणीत, आणि एक अभिमान. संस्था निघाली तेव्हापासून सकाळी पहिला नंबर तिचा. बाळूअण्णा कुलूप उघडायला यायच्या आधी ती किटली घेऊन पायरीवर बसलेली असायची. आणि आता रोज तिच्याच दुधात मशीन पाणी दाखवत होतं. बाकी कुणाच्या नाही, फक्त तिच्या. फार नाही, पण पुरेसं. संस्थेचा नियम असा की एका दुधाची एकदाच तपासणी. परत घ्या म्हणायचं नाही, नाहीतर सगळी रांगच परत घ्या म्हणते.

मी आणि भाई गेलो. जाताना मी एक खास बिल्ड करून नेला. आत काय चाललंय ते टप्प्याटप्प्यानं पडद्यावर लिहून दाखवणारा. असा बिल्ड करताना बचत सरसकट बंद ठेवतात, नाहीतर कंपायलर इतकं गाळतो की काय कुठं चाललंय ते शोधता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

पहाटे हौसाक्का पायरीवर होतीच. आम्हाला बघून म्हणाली, "आला व्हय मशीनचं डाक्टर? बगा की मग. मी पाणी घालतो म्हंत्यात." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी घालतो, मी जातो. नळी बुडवली, बटण दाबलं. पाणी शून्य. हौसाक्कानं सगळ्या रांगेकडं वळून बघितलं. "दिसलं का? आता बोला!" सगळ्यांचं दूध झाल्यावर मी खास बिल्ड काढून नेहमीचा प्रोग्रॅम परत घातला. मशीन ठणठणीत आहे असं लिहून दिलं आणि आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी बाळूअण्णांचा फोन. "मॅडम, परत पाणी."

माझं डोकंच चालेना. मी जाते, पाणी नाही. मी येते, पाणी आहे. ऑफिसात टेबलावरच्या मशीनमध्ये खास बिल्ड घातला, सगळं बरोबर. नेहमीचा घातला, तरी बरोबर. टेबलावर मशीन हरिश्चंद्र, गावात गेलं की लबाड. चार दिवस हेच. भाईंनी पंप उघडून जोडला, नळी बदलली. काही नाही. मग मला जे सुचलं ते लिहायची आज लाज वाटते. मला सुचलं, मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, मग बदललं काय? बाई! आम्ही येणार म्हटल्यावर तिनं चांगलं दूध आणलं. आमची पाठ फिरली की पाणी. हिशेब कसा चपखल बसला. बाळूअण्णांच्याही मनात तेच होतं. मी "असू शकतं" म्हणाले, एवढंच. पण शहरातली मॅडम 'असू शकतं' म्हणाली म्हणजे गावात ते 'आहे' होतं.

हौसाक्काला ते कळलं तशी तिनं काय केलं? म्हैसच आणून संस्थेच्या दारात बांधली. "बोलवा त्या बाईला. हितं धार काढतो, सगळ्यांम्होरं. मग बगू कोण लबाड हाय." निरोप आला आणि आम्ही परत गेलो. दूध घालायला आलेले तर होतेच, एरवी न येणारेही आले होते.

सगळं नीट, चोख व्हायला हवं म्हणून मी सांगितलं, आधी मशीन धुऊन घ्या. बाळूअण्णांनी सगळ्यांसमोर स्वच्छ पाण्यानं मशीन धुतलं. कप विसळले. हौसाक्का म्हशीजवळ बसली. कोरडी बादली उपडी करून लोकांना दाखवली, आणि धार काढली. मी दोन हात अंतरावर उभी होते. फेस दिसत होता, वाफ दिसत होती. कट्ट्यावर लहानपणी बघितलं होतं तसंच हुबेहूब.

भाई हळूच माझ्या कानाशी आले. "मॅडम, पहिला कप टाकून देऊ. दुसऱ्याचं रीडिंग घेऊ." ही भाईंची जुनी सवय. ऑफिसातही रोज सकाळी पहिला कप मशीनमधून काढून ते मोरीत ओतायचे. पहिला कप मशीनचा, दुसरा आपला, असं म्हणायचे. मी कधी विचारलं नाही का, त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या उस्तादानं तसं शिकवलं होतं म्हणून ते करत होते. मी त्यांच्यावर वसकन आले. "भाई, सगळ्यांसमोर दूध ओतून देऊ? लोक म्हणतील काहीतरी हातचलाखी केली. पहिलाच कप घ्या." भाईंनी पहिलाच कप पुढं ठेवला.

नळी बुडवली, बटण दाबलं. पाणी.

रोज दाखवायचं तेवढंच, किंबहुना जास्तच. म्हैस तेवढी शेपटीनं माशा हाकत होती. हौसाक्का पडद्याकडं बघतेय, बादलीकडं बघतेय. मग ती माझ्यासमोर आली. आवाज एकदम खाली. "बाई, तुमी हितंच उभा हाय. तुमी बगितलंसा की. मी कुठं पाणी घातलं?"

मी बघितलं होतं. डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मी म्हणाले, "अक्का, मशीन खोटं बोलत नाही."

गर्दीतून कुणी म्हणालं, म्हशीच्या सडाला वल्लं फडकं लावलं असंल. कुणी म्हणालं, म्हशीलाच खूप पाणी पाजलं असंल. जो तो मशीनच्या बाजूनं कारण शोधत होता. मीही मनातल्या मनात शोधत होते. त्याच दिवशी संस्थेच्या भोंग्यावरून बाळूअण्णांनी पुकारलं की हौसाक्काचं दूध भेसळीमुळं बंद करण्यात येत आहे. त्या भोंग्यावरून एरवी पेंड आली, डॉक्टर आला असलं सांगतात. आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा ते कानावर आलं. हौसाक्का म्हशीचं दावं सोडून गल्लीतून घराकडं चालली होती, आणि तिच्याच नावाचा भोंगा तिच्या पाठीमागनं वाजत होता.

त्यानंतर माझं काही खरं नव्हतं. जेवताना मधेच हात थांबायचा. नवरा विचारायचा, "बिल्ड फुटला का?" त्याला एवढाच एक शब्द येतो. बिल्ड फुटला असता तर बरं झालं असतं. बिल्ड फुटतो तेव्हा कंपायलर निदान सांगतो तरी, अमुक फाइल, तमुक ओळ. इथं कुठं चूकच दाखवत नव्हतं, सगळं हिरवं. मशीन बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, माझे डोळे बरोबर, आणि तिन्ही एकत्र ठेवले की गणित चुकत होतं. मी स्वतःला पटवत होते की मशीन बरोबर आहे, आणि रोज सकाळी उठल्यावर ती कोरडी बादली आठवत होती.

सव्वा महिन्यानं त्याच गावात नेहमीच्या सर्व्हिसिंगला जायची वेळ आली. भाई एकटे जाणार होते. मीच म्हटलं, मी पण येते. सकाळची रांग चालू होती. एक म्हातारा मला जरा वेगळा वाटला. तातोबा त्याचं नाव. कुणी काय आणलंय ते बघत तो रांगेच्या कडेला हिंडत होता. एक तरणाबांड गडी म्हशीच्या दुधाची कॅन घेऊन आला, तसा हा टुणकन त्याच्या मागं घुसला. मी सहज विचारलं, "तातोबा, जागा का बदलता सारखी?"

"माझी गाय हाय, बाई. फॅट कमी लागतीया. म्हशीच्या मागं उभारलं की जरा बरी लागती."

"म्हशीच्या मागं म्हणजे?"

म्हातारा माझ्याकडं असा बघायला लागला की ही खरंच मशीनवाली बाई आहे का! "अवो, तुमच्या मशीनच्या तोंडात आदल्याची चव ऱ्हाती की. सगळ्या गावाला ठावं हाय. म्हणून तर पैला कोन उभारत न्हाय आता. पैल्याच्या आदी काय असतंय? धुतल्यालं पाणी. चेअरमनच्या दुधात बी निघालतं एक डाव. त्येंचं परत घेतलं बाळूअण्णानं, गपचिप. शून्य आलं."

"आणि हौसाक्काचं?"

"तिचं कोन परत घेतंय?"

मी तिथल्या बाकड्यावर बसले. भाई मशीनपाशी उभे होते, त्यांनीही ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "पहिला कप मशीनचा, मॅडम." मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा म्हणाल तर माझाच.

ऑफिसात येऊन पंपाची फाइल उघडली. तिच्यात काम तीनच. पंप चालू कर, थांब, मग मोज. थांबायचं का, तर नळीत आधीचं जे असेल ते वाहून जावं आणि ताजं दूध यावं. हे 'थांब' अगदी जुन्या पद्धतीनं लिहिलेलं होतं. एकपासून पुढं नुसते आकडे मोजत बसायचं, आणि त्या आकड्यांचं काहीच करायचं नाही. बचत बंद असताना कंपायलर ते मुकाट्यानं जसंच्या तसं ठेवायचा. बचत चालू केल्यावर त्यानं बघितलं, हा गडी नुसता आकडे मोजतोय, त्याचा कुणाला उपयोग नाही, रिकामटेकडा आहे, काढा याला. काढला. मशीन थांबायचंच बंद झालं. पंप दूध ओढतोय तोवरच मोजणी उरकायची, नळीत आधीचं थोडं राहिलेलं असताना. मधल्या लोकांच्या नळीत शेजाऱ्याचं दूध. पहिल्याच्या नळीत धुण्याचं पाणी. आणि पहिला नंबर कुणाचा, हे सांगायला नको.

टेबलावर का सापडलं नाही? कारण दिवसभर एकाच प्रकारच्या पिशव्यांचं दूध, आदलं आणि ताजं सारखंच. सकाळचा पहिला कप भाई मोरीत ओतायचे. आणि माझ्या खास बिल्डमध्ये बचतच बंद, म्हणजे मी चूक शोधायला वाकले की ती आपोआप दुरुस्त व्हायची. शेवटच्या वेळी तर मीच मशीन धुवायला लावलं होतं. तिच्या दुधातलं पाणी मी घातलं होतं, सगळ्या गावासमोर, स्वच्छ पाण्यानं.

मग ती सातवी ओळ यादीत मुळात घातली कुणी, ते शोधायला लागले. खालच्या खणात माझ्या जुन्या वह्या होत्या. एका वहीत सापडलं, निळ्या शाईत: 'पंपाची फाइल, बचत कायम बंद. कारण महत्त्वाचं आहे, विसरायचं नाही.' कारण लिहिलेलंच नव्हतं. अक्षर माझं. तो शहाणा मीच. विसरायचं नाही असं लिहिण्याइतकी अक्कल होती, आणि काय विसरायचं नाही ते लिहायला हात दुखत होता!

ओळ परत घातली. माने सर म्हणाले, "मॅडम, सर्व्हिसिंगच्या नावाखाली नवा प्रोग्रॅम टाकून या सगळीकडं. गाजावाजा नको. कंपनीचं नाव जाईल." मी म्हटलं, "सर, एका बाईचं नाव भोंग्यावरून गेलंय. ते आधी." तोवर मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. भाई मागं उभे होते, ते म्हणाले, "मी गाडी काढतो."

दुसरंही एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय या लिखाणाला अर्थ नाही. तो प्रोग्रॅम आणखी गावांतही गेला होता. तिथंही रोज कुणीतरी पहिलं उभं राहत असणार. म्हैस आणून दारात बांधायची धमक सगळ्यांत नसते. कुणी खाली मान घालून दूध घालायचं बंद केलं असेल, तर त्यांची नावं मला माहीत नाहीत. मशीनं सगळी दुरुस्त केली, माणसं कुठं शोधायची ते अजून कळलेलं नाही. आणि एक कोडं तर आजही सुटत नाही. कट्ट्यावर वाढलेली मी, डोळ्यांसमोर काढलेल्या दुधावर माझा विश्वास का बसला नाही? कंपायलरनं थांबणं गाळलं. मी काय गाळलं होतं?

आम्ही गावात पोचलो ते संध्याकाळच्या धारेच्या वेळी. पिशवीत चार कागद होते, भोंग्यावरून वाचायला लिहून आणलेले. कंपायलर म्हणजे काय, बचत म्हणजे काय, चूक कशी झाली, सगळं सोप्या भाषेत. आधी हौसाक्काच्या घरी गेले. ती गोठ्यात होती. मला बघून उठली नाही, या म्हणाली नाही. भाई दारातच थांबले. मी उभ्या उभ्या बोलायला लागले. अक्का, मशीनचं चुकलं होतं, म्हणजे मशीनचं नाही, माझं, एक ओळ होती ती मी पुसली. माझं मलाच कळेना मी काय सांगतेय. गल्लीत तिला 'पाणीवाली' म्हणायला लागले होते हे मला वाटेत बाळूअण्णांनी सांगितलं होतं. सव्वा महिना ती संस्थेच्या रस्त्यानं गेली नव्हती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग कोनाड्यातला पितळी पेला घेतला, तो उपडा करून मला दाखवला. कोरडा. म्हशीखाली बसली आणि थेट पेल्यात धार काढली. फेस वर आला तसा पेला माझ्यापुढं धरला.

"मशीन ऱ्हाऊ द्या. तुमी प्या आन् तुमी सांगा."

मी प्याले. कोमट, दाट, फेसासकट. बाबांची आठवण झाली. रिकामा पेला तिच्या हातात दिला. म्हटलं, "पाणी नाही, अक्का."

हौसाक्कानं पदरानं हात पुसले. संस्थेच्या छपरावरच्या भोंग्याकडं बोट केलं.

"हितं न्हवं. तितनं."

मी गेले. बाळूअण्णांनी माइक चालू करून हातात दिला. ते चार कागद मी पिशवीतून काढलेच नाहीत. तोंड पुसायचं राहिलं होतं, ओठांवर फेस तसाच होता. मी माझं नाव सांगितलं, मशीन आम्हीच बनवतो हे सांगितलं, आणि म्हणाले, "हौसाक्काच्या दुधात पाणी नव्हतं. पाणी आमच्या नळीत होतं. मी इथं उभी राहून बघितलं होतं, तरी खोटं बोलले."